चाकाचं माप चिखल ठरवतो

आषाढात लाखांदूर तालुक्यातल्या कुठल्याही धुऱ्यावर उभं राहून चिखलणीचा ट्रॅक्टर बघावा. मागच्या टायरांना बाहेरून लोखंडी केजव्हील कसलेलं, पुढची चाकं बारीक, धानाच्या बांधीत पाणी साचलेलं. ज्या चिखलात माणसाचा पाय रुतला की चप्पल आतच राहते, त्याच चिखलात दोन टनांच्या आसपासचं हे धूड सरसर फिरतं, कोपऱ्यावर वळतं आणि परत येतं. ते बुडत का नाही? या एका प्रश्नात मातीचं अख्खं शास्त्र दडलेलं आहे, आणि आडवाटेला गाडी घालणाऱ्या प्रत्येकाला लागणारं उत्तरही.

आधी टायरवरचे आकडे वाचू. ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरवर बहुतेक वेळा ६.००-१६ लिहिलेलं दिसतं. म्हणजे टायर साधारण ६ इंच रुंद आणि रिमचा व्यास १६ इंच. दुसऱ्या महायुद्धात रानोमाळ धावलेल्या विलीज जीपच्या टायरचंही हेच माप होतं. महिंद्रांनी पुढे मुंबईत जोडायला घेतलेली जीपही विलीजचीच. आज जीपवेड्यांना हा टायर हास्यास्पद वाटेल इतका बारीक आहे, पण त्यानं युद्धातला चिखल तुडवलेला आहे. मागचा टायर अनेकदा १३.६-२८ असतो: साडेतेरा इंचांहून थोडा जास्त रुंद, २८ इंची रिम, आणि उभा केला तर जवळजवळ छातीला लागेल एवढा उंच. नव्या गाड्यांवर मात्र २५५/६५ आर १८ असं काही असतं. यात २५५ मिलिमीटर ही रुंदी, त्या रुंदीच्या ६५ टक्के इतकी टायरच्या बाजूची उंची आणि १८ इंचांची रिम. हिशोब केला की पूर्ण चाकाची उंची ७८९ मिलिमीटरच्या आसपास येते.

मऊ जमिनीवर टायर जमिनीला किती दाबतो, हे मुख्यतः आतल्या हवेवरून ठरतं. ट्रॅक्टरच्या मागच्या एका चाकावर ६५० किलो भार आहे आणि आत १४ पौंड हवा आहे असं धरू. चौरस इंचाला १४ पौंड म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळपास १ किलो. मग तो भार पेलायला टायरला सुमारे ६५० चौरस सेंटिमीटर जमीन लागते. तेवढी मिळेपर्यंत टायर पसरतो, चपटा होतो, थोडा खाली जातो. कारच्या टायरात ३२ पौंड हवा असते, म्हणजे दाब दुपटीहून अधिक. हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग रुंदीत फार वाढत नाही, लांबीत वाढतो. उंच चाकाचा फायदा इथेच कळतो, कारण मोठ्या वर्तुळाची चपटी झालेली बाजू लांब असते. शिवाय मऊ जमिनीत चाक सतत स्वतःच केलेल्या खड्ड्यातून वर चढत असतं. चाक जितकं उंच, तितका तो चढ सौम्य.

इथवर सरळ आहे. खरी गंमत पुढे आहे.

शाळेत विजेच्या धड्यात भेटणारा फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोम हा मुळात तटबंदी बांधणारा लष्करी अभियंता. त्यानं १७७३ मध्ये मांडलेल्या निबंधात मातीची ताकद दोन भागांत विभागली. एक भाग कणांमधल्या घर्षणाचा. वरून भार वाढला की घर्षण वाढतं. दुसरा भाग चिकटपणाचा. त्याला भाराशी देणंघेणं नाही, फक्त किती क्षेत्रफळ धरलंय याच्याशी आहे. वैनगंगेच्या पात्रातली कोरडी वाळू जवळजवळ पूर्ण घर्षणावर चालते. पाण्यानं तुडुंब भिजलेली धानाची काळी माती जवळजवळ पूर्ण चिकटपणावर चालते, कारण तिच्यात वरचा भार कणांपर्यंत पोचतच नाही, मधलं पाणी तो उचलून धरतं.

आता ट्रॅक्टरवाल्यांची एक जुनी पद्धत आठवा. पकड वाढावी म्हणून मागच्या टायरात पाणी भरतात. १३.६-२८ मध्ये शंभर लिटरच्या वर पाणी सहज मावतं, म्हणजे एकेका चाकाला क्विंटलभर जास्तीचं वजन. कोरड्या शेतात नांगरताना हे वजन सोन्यासारखं कामाला येतं, कारण तिथे घर्षण आहे. तेच वजन चिखलणीत नुसतं ओझं ठरतं. ते पकड वाढवत नाही, फक्त खोल नेतं. एकच ट्रॅक्टर, एकच शेत, फक्त ऋतू बदलला आणि उपाय उलटा झाला! मला यात निसर्गाचा एक अतिशय स्वच्छ, सुंदर नियम दिसतो.

मग चिखलात पकड कुठून आणायची? क्षेत्रफळातून. केजव्हील जवळून पाहिलं की हे डोळ्यांना दिसतं. दोन लोखंडी कड्या आणि त्यांच्यावर आडव्या वेल्ड केलेल्या अँगलच्या पट्ट्या, मधे सगळं मोकळं. पट्टी चिखलात उभी शिरते आणि आपल्यामागची मातीची अख्खी लादी मागे ढकलते. माती लादीच्या कडेनं तुटेपर्यंत ट्रॅक्टरला रेटा मिळत राहतो. पुढच्या क्षणी पट्टी वर येते आणि चिखल मधल्या फटींतून खाली गळून पडतो. रबरी टायरला हेच जमत नाही. त्याच्या नक्षीच्या खाचा चिखलानं भरतात, टायर गुळगुळीत गोळा होतो आणि जागच्या जागी फिरत राहतो. खाचा खोल असलेले, भात आणि उसासाठीच बनवलेले टायर मिळतात. त्यांची नक्षी नेहमीच्या टायरपेक्षा जवळपास दुप्पट खोल असते. पण डांबरी रस्त्यावर ते झपाट्यानं झिजतात.

तरीही मूळ प्रश्न उरतोच: बुडत का नाही? याचं उत्तर चाकात नाही, बांधीत आहे. वर्षानुवर्षं चिखलणी झाली, बैलांचे खूर आणि चाकं फिरली, बारीक कण खाली बसत गेले, आणि मऊ चिखलाखाली वीतभर अंतरावर एक घट्ट थर तयार झाला. धानाला पाणी धरून ठेवणारा थर हाच. ट्रॅक्टरला तोलणाराही हाच. ट्रॅक्टर चिखलावर तरंगत नाही, तो चिखलातून खाली जाऊन त्या फरशीवर उभा राहतो. म्हणून रोवणीच्या यंत्राची चाकं उंच आणि अगदी बारीक असतात: चिखल कापायचा, तळ गाठायचा आणि पऱ्हे कमीत कमी तुडवायचे. जीपचा तो ६ इंची टायर खाली घट्ट जमीन असलेल्या पाणंदीत रुंद टायरपेक्षा सरस ठरतो तो याच कारणानं. आणि म्हणूनच अवजड यंत्रानं हा थर एकदा फोडला की दुहेरी नुकसान होतं. पाणी झिरपून जातं, आणि पुढच्या वर्षी त्याच जागी ट्रॅक्टर फसतो. चेनचा हार्वेस्टर ओल्या बांधीत चालतो, कारण त्याचा भार लांबलचक पट्ट्यावर पसरतो आणि दाब टायरच्या निम्म्याहून कमी राहतो.

चुलबंदच्या किंवा वैनगंगेच्या वाळूत मात्र तळ शोधण्यात अर्थ नाही, तो किती खाली असेल सांगता येत नाही. तिथे वरच राहायचं, म्हणजे टायर पसरट हवा आणि हवा कमी हवी. १९३० च्या आसपास इजिप्तच्या वाळवंटात फोर्ड गाड्या घेऊन हिंडणाऱ्या राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्यानं हवा सोडण्याची ही युक्ती पुरेपूर वापरली. वाळूतून बाहेर पडल्यावर हवा पुन्हा भरायला विसरू नये. ढिला टायर डांबरावर वेगानं धावला की तापून फाटतो.

आणि जिथे हवाच नाही तिथे? १९७१ मध्ये अपोलो १५ बरोबर चंद्रावर गेलेल्या गाडीच्या चाकांना रबर नव्हतं. पोलादी तारांची विणलेली जाळी आणि तिच्यावर टायटॅनियमच्या तिरप्या पट्ट्या. जाळी वाकून जमिनीला पसरट टेकायची, पट्ट्या चाकाला धुळीत खोल जाऊ द्यायच्या नाहीत. त्यामागे मिएचिस्वाफ बेकर आणि फेरेंत्स पाव्हलिच हे दोन अभियंते होते. चंद्राची धूळ कोरडी, घर्षणावर चालणारी, आणि तिथे वजन पृथ्वीच्या सहाव्या हिश्शाचं, म्हणजे पकडही तेवढीच कमी. कूलोमचा तोच हिशोब, दुसऱ्या जगात.

हौसेनं जीपला मोठे टायर घालणाऱ्यांना यातून बरंच घेता येईल. ७८९ मिलिमीटरच्या जागी ३३ इंची, म्हणजे ८३८ मिलिमीटरचं चाक घातलं तर इंजिनाचा रेटा जमिनीवर सहा टक्क्यांनी कमी पोचतो, आणि काटा ६० दाखवत असताना गाडी ६४ च्या जवळ धावते. गाडीच्या पोटाखालची उंची वाढते हा फायदा खरा, पण तो फुकट नाही. रुंदी वाढवण्याआधी एक लोखंडी सळई चिखलात खोचून बघावी. वीतभरात टणक लागलं तर बारीक टायर चालेल. सळई जातच राहिली तर पसरट टायर, कमी हवा. रिम मात्र शक्यतो लहान ठेवावी. १८ ऐवजी १६ इंची रिम आणि बाजू उंच असली, तर हवा सोडल्यावर टायरला वाकायला जागा मिळते. चारही चाकं ओढणाऱ्या ट्रॅक्टरला पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित पुढे ओढतील असं गणित कारखान्यातच बसवलेलं असतं, त्यामुळे नुसती मागची जोडी बदलून मोठी केली की पुढचे आणि मागचे गिअर एकमेकांशी झुंजतात.

फसलेल्या ट्रॅक्टरबाबत एक गोष्ट जिवाची आहे. मागची चाकं घट्ट रुतली आणि फिरेनात, तर इंजिन चाकांऐवजी सगळा ट्रॅक्टरच आसाभोवती उचलतं; पुढचा भाग वर येतो आणि चालकावर उलटतो. अशा वेळी पुढचा गिअर टाकून जोर लावू नये, मागे घेऊन बघावं, नाही तर दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढावं.

लाखांदूरच्या शेतकऱ्याला एकाच ट्रॅक्टरवर आषाढातली चिखलणी, हिवाळ्यातली नांगरणी आणि धानाची ट्रॉली बाजारात नेणं, सगळंच करायचं असतं. म्हणून तो साधा १३.६-२८ वर्षभर ठेवतो, चिखलणीपुरतं केजव्हील कसतो आणि डांबरी रस्त्याला लागण्याआधी काढून ठेवतो, कारण त्या पट्ट्या डांबर सोलून काढतात. महागडे खास टायर घेण्यापेक्षा त्याचा हा निर्णय मला जास्त शहाणा वाटतो.