केक करण्यापूर्वी : माप, उष्णता आणि सावधगिरी

आपल्या स्वयंपाकात 'अंदाजाला' मोठा मान आहे. आमटीत मीठ कमी पडले तर वरून घालता येते. केकला मात्र ही सवलत नाही. भांडे एकदा ओव्हनमध्ये गेले की दुरुस्तीची संधी संपते. म्हणूनच बेकिंगमध्ये सारी सिद्धता आधी करावी लागते, आणि सुरक्षिततेचेही सूत्र तेच आहे.

माप : एक कप मैदा हलक्या हाताने भरला तर सुमारे १२५ ग्रॅम भरतो, दाबून भरल्यास १५० ग्रॅमपर्यंत जातो. एवढ्या फरकाने केक कोरडा होतो. म्हणून वजनकाटा वापरणे उत्तम. नवशिक्यांनी समप्रमाणाचा केक करावा : मैदा, साखर, लोणी प्रत्येकी १०० ग्रॅम, दोन अंडी आणि अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर.

केक का फुगतो? : लोणी व साखर फेसताना मिश्रणात हवेचे सूक्ष्म बुडबुडे अडकतात. बेकिंग पावडरमध्ये सोडा व आम्ल दोन्ही असतात. ओलावा व उष्णता मिळताच त्यांतून कार्बन डायऑक्साइड निघून हे बुडबुडे मोठे होतात. नुसता सोडा वापरायचा तर दह्यासारखा आंबट पदार्थ हवाच. वायू सुटू लागल्यावर मिश्रण ताटकळत ठेवू नये. मैदा घातल्यावर फार घोटूही नये. त्यातील ग्लुटेन ताणले जाऊन केक चिवट होतो. कच्चे मिश्रण चाखण्याचा मोह टाळावा. कच्च्या अंड्यांत व पिठातही रोगजंतू असू शकतात.

ओव्हन : ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर दहा-पंधरा मिनिटे आधी तापवावा. सहा इंची भांड्यातील वरील केकला साधारण ३० ते ३५ मिनिटे लागतात. पहिली वीस मिनिटे दार उघडू नये. थंड हवेने केक मध्यभागी बसतो. मध्यभागी खुपसलेली सुरी कोरडी निघाली की केक झाला असे समजावे.

ओव्हन कोणत्या सॉकेटला जोडतो, याकडे सहसा दुर्लक्ष होते. दोन हजार वॅटचा ओव्हन २३० व्होल्टला जवळजवळ ९ अँपिअर वीज घेतो. दिव्या-पंख्यांसाठीचे सॉकेट ६ अँपिअरचे असते. तेथे ओव्हन जोडल्यास तारा तापून आग लागू शकते. त्यासाठी भूसंपर्क असलेले १६ अँपिअरचे सॉकेटच वापरावे. एक्स्टेन्शन बोर्ड नको.

भाजल्यास : गरम भांडे मी स्वतः एकदा ओल्या फडक्याने उचलले होते. कापडातील पाण्याची क्षणात वाफ झाली आणि बोटे पोळली. हातमोजे वा फडके नेहमी कोरडे आणि जाडच असावे. भाजल्यास अंगठी-बांगडी लगेच काढावी आणि तो भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट वा हळद लावू नये. जखम मोठी असल्यास अथवा लहान मूल भाजल्यास डॉक्टरांकडे जावे.

ओव्हनमध्ये पेट घेतल्यास दार उघडू नये. आत हवा शिरून ज्वाळा वाढतात. वीज बंद करून आग आपोआप विझू द्यावी. धूर वा ज्वाळा बाहेर पसरू लागल्यास सर्वांसह घराबाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवावे. गॅसचा वास आल्यास विजेच्या कोणत्याही बटनाला हात न लावता रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

पहिला केक थोडा बसला, कडेने करपला, तरी खिन्न होऊ नये. वजन, तापमान व वेळ वहीत टिपून ठेवावे. पुढच्या वेळी चूक कोठे झाली ते त्या नोंदीच सांगतील. केक दुसऱ्यांदा करता येतो. पोळलेला हात मात्र कित्येक दिवस आठवण देत राहतो.