आवाज कुठे मुरतो?

ग्वाल्हेरातील जुन्या मराठी घरांच्या माळ्यावर ग्रामोफोनच्या तबकड्यांची एखादी पेटी सापडावी, यात नवल नाही. हद्दूखाँचे चिरंजीव रहिमतखाँ 1922 साली निवर्तले, पण त्यांचे थोडे गाणे तबकड्यांवर उरले. येथे निसारहुसेनखाँकडे शिकलेले रामकृष्णबुवा वझे, हीच गायकी वारशाने लाभलेले द. वि. पलुस्कर आणि येथलेच सरोदिये हाफिजअलीखाँ यांच्याही तबकड्या निघाल्या. ज्या शहरात 1918 साली माधव संगीत महाविद्यालय स्थापन झाले, त्या शहराला ही पेटी अडगळ वाटू नये. अलीकडे तबकड्यांची हौस पुन्हा वाढली आहे आणि काही हौशी मंडळी घरच्या घरी व्हॉल्व्हचा अँप्लिफायर जुळवून त्याला टर्नटेबल जोडू लागली आहेत. व्हॉल्व्ह तांबूस उजळतात, तबकडी फिरू लागते, घरची माणसे सावरून बसतात, आणि आवाज येतो तो शेजारच्या वाड्यातून आल्यासारखा!

अशा वेळी कोणीतरी वडीलधारे हटकून सांगतात, ‘‘सुईवर एखादे नाणे ठेवून बघ.’’ हा सल्ला जुना आहे आणि घातकही. कार्ट्रिजमधून किती वीज निघणार, हे सुई खाचेत किती वेगाने डुलते यावर ठरते. तिच्यावरील वजनावर नव्हे. आजच्या चुंबकी कार्ट्रिजला दीड ते तीन ग्रॅम भार पुरतो, 78 फेऱ्यांच्या तबकडीसाठी त्याहून थोडा अधिक. जुना चांदीचा रुपया म्हणजे एक तोळा, सुमारे 11.66 ग्रॅम. तो सुईच्या डोक्यावर ठेवला तर आवाज वाढत नाही. सुईची दांडी मात्र वाकते आणि खाच खरवडली जाते. यंत्राचा भाग पुन्हा मिळेल. रहिमतखाँची खरवडलेली तान पुन्हा कोण घेणार?

तेव्हा जोर लावण्याआधी, आवाज मुरतो कुठे ते शोधावे. अँप्लिफायर दुबळा आहे, असा ग्रह प्रथम होतो. पण पुष्कळदा दोष असतो तो जोडीचा. पूर्वीच्या ग्रामोफोन-रेडिओंत बहुधा स्फटिकाचा पिकअप असे. तो अर्धा ते एक व्होल्ट, कधी त्याहूनही अधिक देई. त्या काळच्या नकाशावरून एक ईसीसी 83 आणि एक ईएल 84 घेऊन बांधलेला अँप्लिफायर पूर्ण पाच वॉटचा आवाज द्यायला सुमारे अर्धा व्होल्ट मागतो. आजचे चुंबकी कार्ट्रिज देते ते अवघे तीन ते पाच हजारांश व्होल्ट, म्हणजे मागणीच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. शेराची भूक असलेल्यासमोर चिमूटभर पीठ ठेवावे, तसा हा प्रकार होतो.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. आवाजाची खुंटी खाली ठेवून टर्नटेबलची तार काढावी आणि त्याच जागी मोबाइलची किंवा रेडिओची कानयंत्राची तार योग्य जोडणीने लावावी. गाणे खणखणीत वाजले, तर अँप्लिफायर आणि लाउडस्पीकर निर्दोष समजावेत. कोडे निम्मे सुटले. तेही दबूनच वाजले, तर दोष पुढे आहे.

पहिल्या प्रसंगी कानानेच आणखी एक परीक्षा करावी. आवाज नुसताच लहान आहे, की लहान आणि पातळही आहे? तबकडी कापताना खर्ज मुद्दाम दाबतात आणि तार स्वर उचलतात. वाजवताना त्याच्या उलट करावे लागते. दीर्घमुद्रिकांसाठी हे प्रमाण 1954 च्या सुमारास ठरले. मधल्या स्वरांच्या मानाने अगदी खालचा स्वर जवळजवळ दहापट उचलावा लागतो आणि अगदी वरचा तितकाच उतरवावा लागतो. हे काम फोनो प्रीअँप्लिफायर करतो, आणि जाता जाता आवाज शंभरपटीच्या आसपास वाढवतो. तंबोरा ऐकूच येत नाही, तबल्याचा डग्गा पत्र्यासारखा वाजतो, असे झाले तर हा टप्पा वगळला गेला आहे असे जाणावे. काही टर्नटेबलांच्या पाठीमागे ‘फोनो’ आणि ‘लाइन’ अशी कळ असते. प्रथम तिच्याकडे पाहावे. ती नसेल तर ईसीसी 83 चा एक वेगळा टप्पा बांधावा. कार्ट्रिज ‘मूव्हिंग कॉइल’ जातीचे असेल, तर त्याचा आवाज याहूनही दहापट लहान असतो. त्याला आधी एकास दहाचा छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो.

78 फेऱ्यांच्या तबकडीची तऱ्हा निराळी. तिची खाच रुंद. तिला सुमारे तीन हजारांश इंच टोकाची सुई हवी. दीर्घमुद्रिकेची एक हजारांश इंचाची सुई तीत तळाशी लोळते आणि गाण्यापेक्षा धूळच अधिक ऐकवते. ही तबकडी एकपदरी, म्हणून हौशी लोक स्टीरिओ कार्ट्रिजच्या दोन्ही तारा एकत्र जोडतात. तेही योग्यच, कारण त्याने खरखर कमी होते. मात्र त्यांतील एक जोडी उलटी लागली, तर दोन्ही बाजूंचे गाणे एकमेकांना खाऊन टाकते आणि उरते ती निव्वळ खरखर. गवई गायब आणि खरखर शाबूत, अशी अवस्था दिसली की या तारा आधी तपासाव्यात.

आता दुसरा प्रसंग. मोबाइलचे गाणेही दबून येत असेल, तर अँप्लिफायर उघडावा लागेल. येथे धोक्याची सूचना देणे अगत्याचे आहे. आत अडीचशे ते तीनशे व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही मोठे कपॅसिटर काही काळ भरलेलेच राहतात. ते योग्य रोधकातून रिते केल्याखेरीज आत हात घालू नये. ही सवय नसेल तर जाणत्या कारागिराला बोलवावे. लाउडस्पीकर जोडल्याशिवाय यंत्र चालू करू नये, एरवी शेवटचा ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती असते.

कारागिराला सापडणारे गुन्हेगार बहुधा ठरलेले असतात. पहिला, कॅथोडवरचा लहान कपॅसिटर. वर्षे लोटली की तो आतून सुकतो, आणि त्या टप्प्याची वाढ निम्म्याच्या आसपास येते. दुसरा, थकलेला व्हॉल्व्ह. ईएल 84 च्या कॅथोडवर सुमारे सात व्होल्ट दिसावेत. फार कमी दिसले तर व्हॉल्व्ह बदलून पाहावा. एके काळी बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स असे व्हॉल्व्ह बनवी. आज तो जुना साठा शोधावा लागतो, किंवा स्लोव्हाकिया, रशिया, चीन येथला माल घ्यावा लागतो. तिसरा, लाउडस्पीकर स्वतः. पाच वॉटवर भरघोस बोलणारे जुने मोठे स्पीकर आणि आजचे छोटेखानी स्पीकर यांत दहा डेसिबलचा फरक असू शकतो. तेवढा भरून काढायचा तर दहापट वॉट हवेत. अशा वेळी अँप्लिफायरला दोष देणे अन्यायाचे होईल.

एक गोष्ट मात्र कोणत्याही दुरुस्तीने साधणार नाही. 1925 पूर्वीच्या तबकड्यांना मायक्रोफोन ठाऊक नव्हता. गवई कर्ण्यात तोंड घालून गात असे आणि त्या कर्ण्याने जेवढे घेतले तेवढेच मेणावर उतरले. रहिमतखाँची तबकडी याच काळातली. म्हणून परीक्षेसाठी ती लावू नये. एखादी साधी, अलीकडची दीर्घमुद्रिका लावावी. सुई, भार, तारा सारे नीट बसले, आवाज जागेवर आला, की मग पेटी उघडावी, तबकडी स्वच्छ पुसावी आणि ती वाजत असतानाच तिची एक प्रत संगणकावर उतरवून ठेवावी. मग तीच तबकडी वरचेवर फिरवण्याची गरज उरणार नाही, आणि घरातल्या पुढच्या पिढीला ते गाणे ऐकता येईल.