भोपळ्याआधीचे आळे

मुलुंडच्या आमच्या इमारतीमागे, कुंपणभिंतीलगत, जी दहा-बारा हात मोकळी जमीन उरली आहे, तीत गेल्या वर्षी माघातल्या एका सकाळी पहार मारली, तेव्हा वीतभर खोलीवरच मंगलोरी कौलांच्या खापऱ्या, विटांचा चुरा, सिमेंटची ढेकळे आणि त्याखाली घट्ट मुरूम लागला. आणि ज्या उपनगरात आपले उभे आयुष्य गेले, त्याच्या पायाखाली जमीन असली तरी माती उरलेली नाही, ही गोष्ट मनाला प्रथमच जाणवली.

वस्तुतः हा मुलूख साष्टी बेटाचा. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत येथे भाताची खाचरे होती, भाजीपाल्याच्या वाड्या होत्या. १९५० आणि १९५७ साली ही गावे टप्प्याटप्प्याने बृहन्मुंबईच्या हद्दीत आली, वस्ती वाढली, खाचरांवर भरणी पडली, आणि भरणीवर इमारती उभ्या राहिल्या. अशा जागी मोठा भोपळा वाढविण्याची ज्याला हौस असेल, त्याने बियांच्या पुडीकडे पाहण्यापूर्वी आळ्याकडे पाहिले पाहिजे. कारण भोपळ्याचा आकार वेलीवर दिसत असला, तरी तो ठरतो आळ्यात.

पाश्चात्त्य देशांत महाकाय भोपळ्यांची तोलणी जत्रेसारखी भरते. कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात विंडसर येथे हॉवर्ड डिल नावाच्या शेतकऱ्याने निवडीच्या दीर्घ तपश्चर्येतून ‘अटलांटिक जायंट’ हे वाण सिद्ध केले, आणि त्याच वंशातून आजचे राक्षसी भोपळे निपजले. २०२३ साली अमेरिकेत तोललेला एक भोपळा तर १,२४७ किलो भरला. भर वाढीच्या दिवसांत असे फळ दररोज पंधरा-वीस किलोंनी वाढते. ही भर बहुतांशी पाण्याची असते, आणि ते सारे पाणी मुळांनीच उपसून वर पोहोचवावयाचे असते. म्हणून तिकडचे बागाईतदार एका वेलीसाठी बरीच मोठी जमीन राखून ठेवतात, ती हिवाळ्यापूर्वीच खत घालून तयार करतात, आणि वेलीच्या पेरापेरावर माती चढवून तेथेही मुळे फुटतील अशी तजवीज करतात.

आपल्याकडेही याचा दाखला आहे, आणि तो संगीताच्या दरबारातला आहे. मिरजेच्या ज्या सतारींना व तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांचे तुंबे पंढरपूरच्या परिसरात, भीमेच्या काठच्या जमिनीत वाढतात. हा भोपळा दुध्याच्या कुळातला, चवीला कडू, आणि दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाही एवढा. आपल्या भाजीचा लाल भोपळा त्याहून निराळा. परंतु नदीचा पोयटा भोपळ्याच्या जातीला काय देऊ शकतो, हे समजून घ्यावयाचे असेल तर एखाद्या तानपुऱ्याच्या तुंब्यावरून हात फिरवून पाहावा.

नदीकाठचा पोयटा उपनगरात कोठून आणावयाचा? तो घडवावा लागतो. प्रथम आहे त्या मातीची परीक्षा करावी. चमचाभर सुकी माती बशीत घेऊन तिच्यावर लिंबाचा रस पिळावा. फेस आला तर तीत सिमेंट-चुन्याचा अंश मुबलक आहे असे समजावे. भोपळ्याला किंचित आम्ल माती मानवते. चुनखडी जमिनीत त्याची पाने पिवळी पडतात. आमच्या बशीत फेस आला, तेव्हा तीन हात रुंद व दीड हात खोल असा खड्डा खणून सारी भरणी बाहेर काढली. अशा जागी चुलीची राख आळ्यात घालू नये, कारण तीही क्षारच वाढविते.

खड्ड्याच्या तळाशी वाळलेली पाने आणि उसाची चिपाडे यांचा थर दिला. रसवंतीवाला चिपाडे आनंदाने देतो, मात्र ती चार दिवस उन्हात वाळवावी, म्हणजे मुंग्यांचा उपद्रव होत नाही. वांद्र्याच्या गच्चीवर फळझाडे वाढविणारे डॉ. आर. टी. दोशी यांनी हीच चिपाडे मुंबईच्या शहरी शेतीत रूढ केली. आणि त्यांच्याही आधी कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, जे पेशाने गणिताचे अध्यापक होते, त्यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारे हे शिकविले की, पालापाचोळा हा कचरा नसून उद्याची माती आहे. त्या परंपरेतले अमृतजल करावयास सोपे आहे. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र व पन्नास ग्रॅम काळा गूळ कालवून, तीन दिवस दिवसातून तीनदा ढवळावे, आणि चौथ्या दिवशी दहापट पाण्यात मिसळून पाल्यावर शिंपावे. त्यातील सूक्ष्म जीव पाला कुजविण्याचे काम आपल्या शिरावर घेतात.

चिपाडांवर इमारतीच्या ओल्या कचऱ्याचे खत टाकले. महापालिकेने २०१७ साली मोठ्या संकुलांना ओला कचरा आवारातच जिरविण्याची सक्ती केली, तेव्हापासून कित्येक इमारतींच्या मागे हे काळे सोने पडून असते. त्यावर तांबडी माती, मुरलेले शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. ‘मुरलेले’ हा शब्द येथे कळीचा आहे. मी पूर्वी एकदा दुसऱ्या जागी कच्चे शेणखत घातले होते. ते आळ्यात तापले, आणि हाताएवढी झालेली रोपे तीन दिवसांत मुळांपासून करपली. खत मूठभर हाती घ्यावे. त्याला ऊब नसावी, दुर्गंध नसावा, पहिल्या पावसाचा वास असावा.

आळे या शब्दाने खोलगट आकार डोळ्यांसमोर येतो, परंतु मुंबईच्या पावसात खोलगट आळे म्हणजे डबके होय. म्हणून खड्डा भरून वर वीतभर उंचवटा करावा. पाला कुजताना तो खाली बसतोच, आणि आषाढाच्या धारांत उरलेला चढ मुळांना वाचवितो. असे आळे दोन-अडीच महिने, अधूनमधून पाणी देऊन, स्वस्थ राहू द्यावे.

इतके झाल्यावर मग बी. अक्षय्य तृतीयेला आळ्यात वेलींचे बी घालण्याची आपली रीत आहे. तिच्यामागे श्रद्धा आहे तसा हिशेबही आहे, कारण पावसाला महिना-सव्वा महिना उरलेला असतो आणि तेवढ्या मुदतीत वेल मूळ धरते. कॅनडातल्या माळ्याला बियांसाठी कृत्रिम ऊब निर्माण करावी लागते. आपल्याला वैशाख ती फुकट देतो. बी टपोरे, भरीव निवडावे. टरफल जाड असेल तर टोकाकडची बाजू सोडून कडा कानशीने हलकेच घासाव्यात, सहा-सात तास कोमट पाण्यात भिजवावे, मग ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावे. दोन-तीन दिवसांत टोकाशी पांढरा कोंब दिसतो. भोपळ्याला मुळे दुखविलेली खपत नाहीत. म्हणून कोंबाचे बी वर्तमानपत्राच्या पुंगळीत, बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर, आडवे ठेवावे, आणि पहिले खरे पान उलगडताच पुंगळीसकट आळ्यात बसवावे.

रोप उगवले, त्या पहाटेची एक गोष्ट सांगतो. दोन दले मातीतून वर आली, तरी बियांचे टरफल त्यांच्या टोकावर टोपीसारखे अडकून राहिले होते. बोटाने काढावे असा मोह झाला. त्याऐवजी पाण्याचा एक थेंब त्यावर सोडला. घटकाभरात टरफल मऊ झाले, आणि दले आपल्या बळाने उघडली. तांबडे भुंगे याच कोवळ्या दलांवर तुटून पडतात. ते सकाळी सुस्त असताना हातांनी वेचावेत.

पुढे वेलीवर एकच फळ राखले. पावसाने मधमाश्या फिरकेनात, म्हणून नरफुलाचा पराग सकाळीच मादीफुलावर टेकविला. भाद्रपदात फळ उतरले, ते साडेनऊ किलो भरले. प्रत्येक मजल्यावर फोड गेली, आमच्या घरी घारगे झाले.

पण मला त्याहून अधिक समाधान देणारी गोष्ट यंदाच्या माघात घडली. त्याच जागी आळे उकरावयास बसलो. माती काळी, भुसभुशीत झाली होती, आणि हातभर खोलीपर्यंत गांडुळे होती. पहार भिंतीला टेकून तशीच उभी राहिली. सारे काम खुरप्याने झाले.