एका एकवीस अंकी संख्येचे अवयव

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही संख्या वाचतानाच दम लागतो. तिची घडण मात्र साधी आहे. दोन हा आकडा ६७ वेळा मांडून गुणाकार करावा आणि आलेल्या उत्तरातून एक वजा करावा. ही संख्या मूळ आहे की तिचे अवयव पडतात, याचा पुरता उलगडा होण्यास अडीचशेहून अधिक वर्षे लागली.

मारँ मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली अशा घडणीच्या मूळ संख्यांची यादी दिली. तीत ही संख्याही होती. सिद्धता मात्र नव्हती. १८७६ साली एदुआर ल्यूका या गणितज्ञाने ती मूळ नाही हे दाखविले, आणि तेही एकही अवयव हाती न लागता! पोते न उघडता आत खडे आहेत हे ओळखावे, तसा हा प्रकार.

ते खडे वेचून दाखविले फ्रँक नेल्सन कोल या अमेरिकन प्राध्यापकाने. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्क येथे गणितज्ञांच्या सभेत त्याने एक शब्दही न उच्चारता फळ्यावर हा गुणाकार मांडला, असे सांगतात:

१९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७

हा शोध आंधळेपणाने करावा लागत नाही. या संख्येच्या कोणत्याही अवयवाला ६७ च्या दुपटीने, म्हणजे १३४ ने भागले की बाकी १ उरते, असा नियम आहे. पण एवढ्याच नियमावर विसंबलो तर पहिला अवयव सापडेपर्यंत सुमारे साडेचौदा लाख संख्या तपासाव्या लागतील. कोलने आणखी नियमांची चाळणी लावली.

माझे वडील बाजार समितीत मापाडी आहेत. शाळा चौथीपर्यंतच, पण ताळा पाहिल्यावाचून ते कोणताही हिशेब खरा मानीत नाहीत. त्यांचाच नवाचा ताळा येथे लावू. पहिल्या अवयवातील अंकांची बेरीज ३७, दुसऱ्याची ६४, मूळ संख्येची १०९. तिन्हींची पुन्हा बेरीज करीत गेल्यास प्रत्येकी १ उरतो. आणि एक गुणिले एक म्हणजे एकच. ताळा जमला म्हणजे सिद्धता झाली असे नव्हे; पण तो चुकता, तर गुणाकार चुकलाच असता.

अवयव शोधणे महाकठीण, तपासणे सोपे. आज संगणक हे अवयव क्षणात देतो. परंतु शेकडो अंकी संख्यांच्या बाबतीत ही तफावत अद्याप टिकून आहे, आणि १९७७ साली पुढे आलेल्या आर.एस.ए. या गुप्तलेखन पद्धतीचा आधारही तीच आहे.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. ग्रंथांतील मोठ्या नावांचा धाक वाटतो. पण मेर्सेनचे नाव कितीही मोठे असले, तरी एका गुणाकारापुढे त्याचे विधान टिकले नाही. आणि तो गुणाकार कोणासही करता येतो. वाचकहो, कागद-पेन्सिल घ्या आणि माझ्यावरही विश्वास न ठेवता तो करून पाहा.