अंगठा उठत नाही? मशीनला शिव्या देण्याआधी एवढं करून बघा

रेशन वाटपाच्या दिवशी दुकानासमोर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मशीन माझा अंगठाच घेईना." मग सरकारला चार शिव्या, दुकानदाराला दोन, आणि माणूस रिकामी पिशवी घेऊन घरी. पुढच्या महिन्यात परत तेच. तक्रार खोटी नाही. पण वर्षभर तीच करत राहायची आणि आधार केंद्रावर एक चक्कर मारायची नाही, हे काही पटत नाही.

आधी कारण समजून घेऊ. मशीन बोटावरच्या रेषा बघतं. ज्याचा हात रोज खुरपं, फावडं, सिमेंट, चुन्यात असतो त्याच्या रेषा झिजतात. वय झालं की कातडी कोरडी पडते, थंडीत भेगा पडतात. म्हणजे आधार बंद पडलेलं नसतं. पूर्वी दिलेला ठसा आणि आजचं बोट जुळत नाही, एवढंच.

आधार काढताना नुसता अंगठा नाही, दहाही बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांचं स्कॅन घेतलेलं असतं. आपण मात्र 'अंगठा' या शब्दालाच चिकटून बसलोय. अंगठा चालला नाही तर अंगठ्याशेजारचं बोट लावा, मधलं लावा, दुसरा हात लावा. त्याआधी हात धुवून पुसा, तंबाखू मळली असेल तर नक्कीच. कातडी फार कोरडी असेल तर जरासं खोबरेल तेल चोळून फडक्यानं पुसून घ्या. मशीनची काचही पुसायला सांगा, आणि मशीन उन्हात असेल तर सावलीत घ्यायला लावा. जोर लावून दाबू नका, रेषा चेपून जातात. पोरांनी कधी मोबाईलवरून तुमचं आधार बायोमेट्रिक लॉक करून ठेवलं असेल, तर कितीही बोटं लावा, काही होणार नाही. तेही विचारून घ्या.

रेशनसाठी कार्डावरच्या घरातल्या कुणाही एकाचं बोट चालतं, म्हाताऱ्या माणसालाच रांगेत उभं करायची गरज नाही. डोळ्याचा स्कॅनर असलेलं मशीन असेल तर डोळ्यावर काम होतं. तरीही नाहीच जमलं तर ऐका. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राच्या अन्न विभागानं राज्यांना लेखी कळवलंय की, ठसा जुळला नाही एवढ्यावरून धान्य नाकारू नये, वहीत नोंद करून द्यावं. दुकानदार ऐकत नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पारावर बोलून नोंद होत नाही.

केवायसीसाठी तर बोटाचीही गरज राहिलेली नाही. पीएम किसानच्या अ‍ॅपवर जून २०२३ पासून चेहरा दाखवून ई-केवायसी होते. गावातला एखादा पोरगा त्याच्या मोबाईलवरून दुसऱ्या शेतकऱ्यांचीही करून देऊ शकतो. रेशनची 'मेरा ई-केवायसी' अ‍ॅपवर होते, फक्त आधारला मोबाईल नंबर जोडलेला हवा.

एक मात्र जपा. आधारवर पैसे काढताना "फेल झालं, परत लावा" म्हणाले की लगेच बोट पुढं करू नका. आधी पावती मागा, खात्यातली शिल्लक बघा, मगच दुसऱ्यांदा लावा. इथं घाई केली तर पैसे जायची भीती असते.

कायमचा उपाय म्हणजे आधार केंद्रावर जाऊन बायोमेट्रिक अपडेट. दहाही बोटं, डोळे, फोटो नव्यानं घेतात. मोबाईल नंबरही त्याच वेळी जोडून घ्या. घरात पोरं असतील तर त्यांचं पाचव्या आणि पंधराव्या वर्षी अपडेट करावंच लागतं, त्यांनाही बरोबर न्या. केंद्रावरची पावती सांभाळून ठेवा. तिच्यावरचा नंबर सांगितला की काम कुठं अडलंय ते १९४७ वर मराठीतून कळतं, फोन फुकट लागतो.