छत गुंडाळणार कोण?

सकाळी 6.30

पाटोद्यात बीड-जामखेड रस्त्याला लागून ताडपत्री शिवण्याचं एक दुकान आहे. दहा बाय बाराचा पत्र्याचा गाळा. दारावर पाटी नाही. बाहेर निळ्या ताडपत्रीचा तुकडा टांगलेला असतो, तीच खूण. सगळे मालकाला चाचा म्हणतात. वय साठीच्या पुढं. पुतण्या हाताखाली आहे, बावीस वर्षांचा, रोज साडेचारशे रुपये.

चाचा आधी झाडून घेतात. मग मशीनला तेल. मशीन पायाचं आहे, जड कापड ओढणारं. मोटर लावली नाही. वीज गेली तर काम थांबत नाही, हे एक कारण. दुसरं म्हणजे जाड शिलाईला पाय हळू चालवता येतो.

फळीवर सामान मांडलेलं. मोठी कैची, खडू, टेप, रिंगा ठोकायचा पंच, लाकडाचा ठोकळा, हातोडी, रिवेट गन. डब्यात पितळी आणि ॲल्युमिनियमच्या रिंगा वेगवेगळ्या.

सकाळी 7.15

ऊसतोडीचा मुकादम टेम्पोतून चार ताडपत्र्या उतरवतो. सावरगाव घाटाचा दसरा मेळावा होऊन आठवडा झालाय. ऊसतोड्यांच्या टोळ्या निघायच्या बेतात आहेत. कारखान्याच्या वाडीवर चार-पाच महिने राहायचं म्हणजे कोपी, तात्पुरती झोपडी, लागते. बांबू तिथं मिळतो, पाचट तिथं मिळतं, ताडपत्री इथून न्यावी लागते.

ताडपत्री पंधरा बाय अठराची, बीडहून अठराशेला एक आणलेली. ऊसतोडणीचा दर 2024 च्या जानेवारीत वाढून टनाला 366 रुपये झाला. त्या दरानं एक ताडपत्री जवळजवळ पाच टन ऊस तोडल्यावर फिटते.

विकत आणलेल्या ताडपत्रीचा काठ कच्चा असतो. कोपीवर ताणली की पहिली फाटते ती कडेलाच. चाचा काठ दुमडतात, आत नायलॉनची दोरी घालतात आणि दुहेरी शिलाई मारतात. मग दर तीन फुटांवर रिंग. एका ताडपत्रीचा घेर सहासष्ट फूट, रिंगा बावीस. शिलाई फुटाला तीन रुपये, रिंग पाच रुपये.

"अकरापर्यंत देतो," चाचा सांगतात.

पुतण्या ठोकायला बसतो. ठोकळ्यावर कापड, कापडावर पंच, एक घाव. भोक पडतं. रिंग बसवायची, उलटून दुसरा घाव. अशा अठ्ठ्याऐंशी रिंगा.

सकाळी 8.30

जुना छोटा हत्ती दुकानासमोर थांबतो. एमएच 23. मागं नवी पत्र्याची पेटी, वेल्डिंगचा वास अजून गेलेला नाही. नवरा-बायको उतरतात. दोघं सहा हंगाम कोयत्यावर गेलेले. यंदा तो उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर म्हणून चाललाय. ती जाणार नाही. ती या गाडीवर भजी, वडापाव आणि चहा विकणार आहे.

वेल्डिंगवाल्यानं पेटीच्या डाव्या अंगाला सरकता ओटा केलाय. कपाटाच्या खणासारखा दोन फूट बाहेर येतो, चॅनेलवर, खाली बेअरिंग. ओटा बाहेर आला की आत उभं राहायला जागा होते. पण ओट्याचा माथा आणि पेटीची भिंत यांच्यामध्ये फट राहते. पाऊस आला तर पाणी सरळ पिठात.

नवरा मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो. अमेरिकेतली घरासारखी मोटार. बटण दाबलं की भिंतीतून अख्खी खोली बाहेर सरकते. खोलीच्या डोक्यावर कापडाची पट्टी, स्प्रिंगच्या रोलरला गुंडाळलेली. खोलीबरोबर उलगडते, खोलीबरोबर आत जाते. शिवाय दाराशी मोठं कापडी छत, त्याखाली खुर्च्या मांडलेल्या.

"असं पायजे चाचा. सात फूट बाहेर. गिऱ्हाईक सावलीत उभं राहिलं तर दोन वडे जास्त खातं."

चाचा व्हिडिओ दोनदा बघतात.

"तिथं बी वाऱ्यानं फाटतच असंल," ते म्हणतात. "गाडी उभी कुठं करणार?"

"रोज बसस्टँडकडं. शनिवार-रविवार सौताड्याला."

सकाळी 9.15

चाचा टेप काढतात. पेटीची लांबी सात फूट. माथा जमिनीपासून साडेसात फूट.

मग खडूनं पत्र्यावर रेघ ओढून हिशोब सांगतात. कापडाच्या छताला उतार लागतो. ते फुटाला तीन इंच धरतात. छत सात फूट बाहेर काढलं तर पुढची कड एकवीस इंच खाली येते. म्हणजे जमिनीपासून पावणेसहा फूट. उंच गिऱ्हाइकाच्या डोक्याला पाइप लागणार. पाइप लागू नये म्हणून उतार कमी केला, तर पाणी मध्ये साचणार.

"चार बाय तीन फुटाच्या खळग्यात दोन इंच पाणी थांबलं तर किती वजन?" चाचा विचारतात.

नवरा मान हलवतो.

"छप्पन लिटर. छप्पन किलो. सिमेंटच्या गोणीपेक्षा जास्त. ते कापडावर, रिवेटवर, पाइपावर."

पाच फुटांचं छत केलं तर कड पंधरा इंचच खाली येते. सव्वासहा फूट उरतात. माणूसही मावतो, पाणीही वाहतं.

"दोन फूट सावली जाईल की," नवरा म्हणतो.

"जाईल. पण पाच फुटाची राहील."

सकाळी 9.45

आता वाऱ्याचं. सौताड्याला गाडी धबधब्याच्या अंगाला, दरीजवळ लागणार. रामेश्वराला उतरणारी माणसं तिथंच थांबतात, धंदा तिथंच होतो. पण दरीचा वारा खालून वर येतो. वरून पडणारा वारा छताला दाबतो, खालून येणारा उचलतो. उचललेलं छत पाइपासकट पेटीच्या माथ्यावर जाऊन आपटतं. छत जितकं लांब, तितकी वाऱ्याला पकड जास्त.

"म्हणून विचारतो," चाचा आता तिच्याकडं वळतात. "हे छत गुंडाळणार कोण?"

नवरा पुढच्या आठवड्यात निघणार. ती म्हणते, "मीच."

"एकटी?"

"एकटीच."

"मग तुझा हात जिथवर पोचतो तिथवरच छत. ताई, हात वर कर."

ती हात वर करते. चाचा पेटीवर खडूची खूण करतात. सव्वासहा फुटांच्या जरा वर.

पाच फूट ठरतं. चाचांनी स्वतःच्या तोंडानं चौदा चौरस फूट कापड कमी केलं. चाळीस रुपयांच्या दरानं पाचशे साठ रुपये.

सकाळी 10.30

कापड पीव्हीसीचा लेप दिलेलं. प्लास्टिकची ताडपत्री स्वस्त पडली असती, पण सतत उघडमीट केली की घडीवर तडकते आणि उन्हात तिचे धागे सुटतात. या कापडातून पाणी झिरपत नाही. वजन मात्र जास्त आणि जाळाजवळ चालत नाही.

जाळाचा प्रश्न चाचा आधीच काढतात. शेगडी ओट्याच्या कुठल्या टोकाला? ती दाखवते. त्या टोकाला कापडाखाली दीड फूट पत्रा येईल. कढईतलं तेल भडकलं तर पत्रा काळा होईल; पत्रा नसेल तर कापड वितळून अंगावर पडेल. वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याची पट्टी आणायला नवरा जातो.

तो निघताना चाचा विचारतात, पेटीचे कागद केले का? आरटीओत दिलेत, बीडला, असं उत्तर येतं. मोटार वाहन कायदा 1988 चा आहे, त्याचं कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करू देत नाही. "कागद हातात आल्याबिगर गाडी लांब नेऊ नको," चाचा सांगतात. "आणि चालत्या गाडीला छत, ओटा काहीच बाहेर दिसता कामा नये."

सकाळी 11.00

मुकादमाच्या ताडपत्र्या तयार. शिलाईचे 792, रिंगांचे 440. एकूण 1,232. मुकादम सहाशे देतो. बाकी पाडव्याला. चाचा खडूनं आतल्या पत्र्यावर लिहितात.

दुपारी 12.00

कापड जमिनीवर पसरलंय. चाचा गुडघ्यावर बसून खडू ओढतात. चारी बाजूंनी दोन-दोन इंच दुमड. पुढच्या कडेला मोठी घडी, तिच्यात पाइप जाईल. कैची एकदाही उचलत नाहीत, सात फूट एका दमात.

मशीनवर कापड चढवायला दोघं लागतात. पुतण्या पलीकडून ओढत राहतो. वजन सुईवर आलं तर सुई मोडते. जाड सुई, नायलॉनचा दोरा, टाका लांब. टाका बारीक ठेवला तर कापडाला भोकंच भोकं पडतात आणि त्याच रेषेत ते फाटतं.

दुपारी 1.15

जेवण. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. तिनं घरून भज्यांचं पीठ आणलंय. शेगडी पेटवून एक घाणा काढते आणि कागदावर चाचांपुढं ठेवते. मीठ कमी आहे का, विचारते. पुतण्या म्हणतो, थोडं. ती मीठ टाकते.

दुपारी 2.15

ड्रिल. पेटीच्या माथ्याशी कापड ठेवून वरून ॲल्युमिनियमची पट्टी, मग दर सहा इंचांवर रिवेट. पट्टी नसेल तर सगळा ताण रिवेटच्या डोक्यावर येतो आणि कापड तिथं फाटत जातं. पट्टीखाली सिलिकॉन. पेटीला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे गंजाला वाट, म्हणून ते कोरडं राहिलंच पाहिजे.

उरलेल्या कापडातून दोन फुटांची झालर ओट्याच्या फटीवर. तिचे वेगळे पैसे नाहीत.

पुढच्या कडेला इंची जीआय पाइप. पाइप पेलायला दोन तिरके दांडे. दांडे भिंतीच्या कड्यात अडकतात, खिळा काढला की निघतात. स्प्रिंगचा रोलर चाचांनी लावला नाही. बिघडला तर पाटोद्यात भाग मिळायचा नाही. त्याऐवजी चिकाच्या पडद्यासारख्या दोन दोऱ्या. खालून ओढल्या की पाइपावर कापड गुंडाळत वर जातं.

दुपारी 3.30

"बादली आण."

पुतण्या शिडीवर चढून छतावर बादलीभर पाणी ओततो. सगळे खाली उभे राहून बघतात. पाणी पुढच्या कडेला येतं, बरंचसं पडतं, थोडं मध्ये थांबतं. कापडाला तळहाताएवढा फुगा.

चाचा उजवा दांडा अडीच इंच खाली घेतात. पुन्हा बादली. आता पाणी एकाच कोपऱ्याला धावतं आणि तिथून धार लागते. गिऱ्हाइकाच्या पाठीवर नाही, मागच्या चाकाजवळ.

तिसरी बादली. फुगा नाही.

दुपारी 4.30

रस्त्यावरून ट्रक जातो. त्याच्या वाऱ्यानं छत फडफडतं. चाचा दोन्ही टोकांना नायलॉनच्या दोरीचे ताण देतात, चाकाच्या हबला बांधायला. दोरीच्या मध्यावर लाल चिंधी. अंधारात कुणाचा पाय अडकू नये.

मग तिला एकेक सांगतात. छत आधी गुंडाळायचं, ओटा नंतर आत ढकलायचा. उलटं केलं तर झालर चॅनेलमध्ये अडकते. गुंडाळण्याआधी वर काठी फिरवायची, बाभळीखाली गाडी असेल तर जरूर. एक काटा आत गुंडाळला गेला की प्रत्येक वेढ्यात एक भोक. ओलं गुंडाळलं तर दुसऱ्या दिवशी उघडून वाळवायचं, नाहीतर बुरशी धरते. पोत्यावरची धूळ उडेल एवढा वारा उठला की गिऱ्हाईक बघायचं नाही, दोरी ओढायची.

"आणि रात्री उघडं ठेवून झोपायचं नाही."

संध्याकाळी 5.10

आता ती करते. कुणी हात लावायचा नाही, चाचांनी सांगून ठेवलंय.

पहिल्यांदा पाइप वाकडा चढतो. एक दोरी जास्त ओढली जाते. ती सोडते, पुन्हा ओढते. दुसऱ्यांदा सरळ. दांडे काढते, खिळे डब्यात टाकते, ओट्याच्या पायरीवर चढून दोन पट्टे आवळते, ओटा खांद्यानं आत ढकलते. नवरा मोबाइलवर वेळ बघत उभा.

"पाच मिंटं."

"वारा पाच मिंटं थांबत नाही," चाचा म्हणतात. "परत."

चौथ्या वेळी दोन मिनिटांच्या आत होतं. कपाळाचा घाम पदरानं पुसून ती स्वतःच पुन्हा छत उघडते आणि पुन्हा बंद करते.

संध्याकाळी 5.45

कापड 1,400. पाइप, दांडे, कड्या 850. मजुरी 600. एकूण 2,850. नवरा दोन हजार मोजून देतो. त्यातल्या नोटा उचलीच्या, हंगामाच्या आगाऊ पैशातल्या आहेत, तो स्वतःच सांगतो. उरलेले साडेआठशे ती धंद्यातून महिन्याभरात देणार.

"आठ दिवसांनी गाडी आण," चाचा तिला सांगतात. "नवं कापड ताणतं. परत आवळून देतो. त्याचे पैसे नाहीत."

संध्याकाळी 6.45

दिवसाचा हिशोब. हातात आले 2,600. गेले ते असे: कापड 1,120, पाइप आणि कड्या 700, दोरा-रिवेट-रिंगा-दोरी 130, पुतण्याचा रोज 450, गाळ्याचं दिवसाचं भाडं 50, चहा 40. शिल्लक 110. पत्र्यावर उधारी 1,482.

पुतण्या झाडता झाडता विचारतो, "चाचा, त्यांना सात फूटच पायजे होतं. पाचशे साठ जास्त आले असते."

"आले असते. आणि त्या बाईच्या हातून एका वाऱ्यात छत गेलं असतं. सावली आपण शिवून देतो. पण ती वेळेवर आवरणं जिला जमेल, तिच्या मापानं शिवायची."

पुतण्या रिंगांचा डबा फळीवर ठेवतो. पितळी कमी झाल्यात. उद्या सकाळी दुसऱ्या टोळीच्या सहा ताडपत्र्या येणार आहेत, म्हणजे एकशे बत्तीस रिंगा. चाचा खिशातल्या एकशे दहातले शंभर काढून त्याच्या हातावर ठेवतात. हार्डवेअरचं दुकान आठला बंद होतं.