नातवाचा प्रश्न आणि आपले मौन

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. चौलकडचे एक आजोबा शेवटचा रुग्ण जाईपर्यंत दवाखान्याबाहेर बसून राहिले. आत आल्यावर त्यांनी रुमालात गुंडाळलेला मोबाइल टेबलावर ठेवला. "डॉक्टर, हा तुमच्याकडेच राहू द्या. पोरगं हातचं गेलं," एवढेच ते बोलले. मुलगा आणि सून मुंबईला नोकरीत. नववीतला नातू शाळेसाठी आजी-आजोबांपाशी. त्याच्या फोनवर अश्लील चित्रफिती सापडल्या होत्या. चार दिवस घरात कोणी त्याच्याशी बोलले नव्हते आणि तो धड जेवतही नव्हता. (दोघांच्या संमतीनेच हे लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

दुसऱ्या दिवशी मुलाला एकट्याला बोलावले. बराच वेळ तो खाली मान घालून बसला. मग त्याने विचारले, "मला काही आजार आहे का?" झोपेत वीर्यस्खलन होते म्हणून तो घाबरला होता. शोध घेताना त्याला फोनवर 'अशक्तपणा'वरच्या गोळ्यांची जाहिरात दिसली होती आणि खाऊचे साठवलेले पैसे तो तिकडे पाठवणार होता. आजोबांना दिसली ती केवळ चित्रफीत. त्यामागची भीती त्यांना दिसलीच नव्हती.

वाचकहो, ही भीती नवी नाही. आपल्या लहानपणी एस.टी. स्टँडच्या आणि रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर 'गुप्तरोगां'च्या जाहिराती रंगवलेल्या असत. लैंगिक शक्ती वाढवण्याचे दावे करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी त्या भिंतीवरून आता मोबाइलच्या पडद्यावर आल्या आहेत. झोपेतील स्खलन हा वयात येण्याचा नैसर्गिक भाग आहे. हस्तमैथुनाने शरीर खंगत नाही. हे पाठ्यपुस्तकातले साधे ज्ञान आहे. पण घरात कोणी ते सांगत नाही, म्हणून ते विकणाऱ्याचे फावते.

महाराष्ट्रात हे ओळखणारे एक गृहस्थ होते. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक शंकांना ते त्यात सरळ उत्तरे देत. अशा उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. शंका विचारणारे ते वाचक आपल्याच आजोबा-पणजोबांच्या पिढीतले होते, हे विसरू नये.

२०१३ साली आलेला रवी जाधव यांचा 'बालक-पालक' चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. चाळीतल्या मुलांना प्रश्न पडतो, मोठी माणसे उत्तर टाळतात, आणि मुले व्हिडिओ कॅसेटकडे वळतात. आता कॅसेट भाड्याने आणावी लागत नाही, एवढाच फरक. मात्र चित्रफितीत जे दिसते तो अभिनय असतो. तिथे संमती विचारली जात नाही, गर्भधारणा वा संसर्गाची काळजी नसते, नकाराला किंमत नसते. मुलगे ते पाहून स्वतःच्या शरीराला कमी लेखतात; मुली रील्समधले गुळगुळीत चेहरे आणि बारीक कंबर पाहून जेवण तोडतात.

माध्यमांचा परिणाम आपल्यावरही होतो. गुन्ह्यांच्या बातम्या आणि मोबाइलवर फिरणारे इशारे वाचून आपण धास्तावतो. मग नातवाचा फोन काढून घेतो आणि नातीची संध्याकाळची शिकवणी बंद करतो. भीती आपली असते, शिक्षा मात्र तिला होते.

मग आजी-आजोबांनी काय करावे? सगळे ज्ञान आपणच द्यायला हवे असे नाही. असे काही आढळले तर त्या क्षणी ओरडू नका. एक दिवस जाऊ द्या. मग वाडीत फिरताना किंवा भाजी निवडताना, डोळ्याला डोळा न भिडवताही बोलता येते. "असले काही तुला दिसले असेल. ते खरे आयुष्य नव्हे. काही विचारावेसे वाटले तर मला विचार, मला ठाऊक नसेल तर आपण डॉक्टरांकडे जाऊ," इतके पुरते. मुलामुलींना दोन गोष्टी मात्र स्पष्ट सांगा: समोरच्याची इच्छा नसेल तर थांबायचे, आणि स्वतःचे खासगी फोटो कोणालाही पाठवायचे नाहीत. रात्री घरातले सगळे फोन, आपलाही, बाहेरच्या खोलीत ठेवावेत.

मूल एकाएकी अबोल झाले, शाळा टाळू लागले, फोन वाजताच दचकू लागले, तर कोणी धमकावत आहे का याची चौकशी करा. फोटोवरून पैसे मागितले जात असतील तर पैसे देऊ नका, संदेश पुसू नका. १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनीही आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांना सल्ला मिळतो. आपल्याकडे अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

आठवड्याने आजोबा फोन घ्यायला आले. खुर्चीत बसल्यावर म्हणाले, "डॉक्टर, त्याच्या वयात मीही भिंतीवरची ती जाहिरात वाचली होती. लग्न होईपर्यंत घाबरत जगलो. विचारणार कुणाला?" मी म्हणालो, "हेच त्याला सांगा." त्यांनी सांगितले. त्या रात्री नातू त्यांच्या शेजारी बसून पोटभर जेवला, असा आजींचा निरोप दुसऱ्या दिवशी आला.